जीवदयेची पेटी आणि प्रयोगशाळा

पावसाळा लागला की पारोळ्याच्या कुटीर रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. कुणी कपाशीत निंदणी करत असतं, कुणी बांधावरचा चारा कापत असतं, कुणी रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेलं असतं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून रुग्णाला आणतात. मांत्रिकाकडे वेळ गेला नसेल, तर तो वाचण्याची आशा चांगली असते. छोट्या कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत निर्जंतुक पाणी सोडलं जातं आणि कुपी दोन बोटांत धरून हळूहळू फिरवली जाते, कारण जोरात हलवली तर फेस धरतो. विषाची लक्षणं दिसत असतील तर सुरुवातीलाच अशा दहा कुप्या सलाइनमधून द्याव्या लागतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांच्या विषावर मिळून हे एकच औषध.

ते येतं घोड्याच्या रक्तातून.

चारही सापांचं विष आधी अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात आणि पुढे आठवड्यांमागून आठवडे मात्रा वाढवत नेतात. घोडा मरत नाही, त्याचं शरीर विषाशी झुंजणारी प्रतिपिंडं तयार करतं. मग मानेतल्या शिरेतून रक्त काढायचं, रक्तद्रव वेगळा करायचा, त्यातली प्रतिपिंडं शुद्ध करून वाळवायची. टोचल्या जागी सूज येते, गळवं होतात, जखमा चिघळतात. शिवाय तयार झालेला प्रत्येक साठा उंदरांवर तपासावा लागतो. विष आणि औषध एकत्र करून टोचायचं आणि किती जगले, किती मेले ते मोजायचं. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यासाठीचे घोडे पिंपरीला पाळले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही घोड्यांपासूनच झाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून उतरलेले घोडे हाफकिनला दिले जात. ते पाहून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये स्वतःच हा उद्योग उभा केला.

या व्यवस्थेने किती माणसं वाचवली याची मोजदाद नाही. पण २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि हे औषध हाताशी असताना हा आकडा आहे. दगावणारे बहुतेक शेतात राबणारे. पारोळा तालुक्यातल्या शेतमजुराला घोड्याच्या रक्तावाचून दुसरा आधार आजही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खानदेशात बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, जुवाने घट्टे पडलेली जागा शेकतात. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत, रंगवतात, मिरवतात, पुरणपोळी भरवतात. बैलाला वर्षभर पराणीच्या टोचणीखाली राबवणारा शेतकरीच हे करतो, आणि त्यात ढोंग नसतं. त्या एका दिवशी तो ऋण कबूल करतो. औषधाच्या घोड्याला पोळा नाही. जपानमधल्या प्रयोगशाळांत मारलेल्या प्राण्यांसाठी वर्षातून एकदा स्मृतिविधी करण्याची प्रथा आहे. शास्त्रज्ञ रांगेत उभे राहून फुलं वाहतात. इथल्या माणसाला तर तो घोडा दिसतही नाही. कुपीवर बारीक अक्षरात त्याचा उल्लेख असतो एवढंच.

कृतज्ञता हा मात्र या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग असा, की एका जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला ठरवून पीडा देणं धर्माला मान्य आहे का? मान्य नसेल तर सर्पदंश झालेल्या बाईला काय सांगायचं? आणि मान्य असेल तर ते कायमचं मान्य आहे, की दुसरा मार्ग सापडेपर्यंतच? सापडेपर्यंतच असेल, तर तो मार्ग शोधायचा कुणी आणि कुणाच्या पैशाने? जगात काही माणसांनी यातला शेवटचा प्रश्न आपला मानला. प्राण्यांवाचून वैद्यकीय संशोधन व्हावं म्हणून त्यांनी संस्था काढल्या, पैसा जमवला, प्रयोगशाळांना दिला. त्यांचं काम समजून घ्यायला खानदेश ही चांगली जागा आहे, कारण हिंसा-अहिंसेचा बारीक हिशेब इथे घराघरांत चालतो.

पारोळा, अमळनेर, धुळे, जळगाव या पेठांमध्ये जैन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. जैन विचाराने गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले. स्वयंपाक, झाडलोट यांत घडते ती आरंभी, धंद्यात घडते ती उद्योगी, स्वतःचा किंवा आश्रिताचा बचाव करताना घडते ती विरोधी, आणि मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पुरत्या टाळता येत नाहीत, त्या कमी कराव्यात. चौथी मात्र त्याने सोडलीच पाहिजे. प्रयोगशाळेतला उंदीर या चौकटीत कुठे बसवायचा? हेतू प्राण वाचवण्याचा, म्हणून विरोधी म्हणावी, तर उंदराने कुणावर हल्ला केलेला नाही. धंद्यातली म्हणावी, तर तिथे हिंसा ओघात घडते, इथे ती नियोजन करून, तारीख टाकून, मात्रा ठरवून केली जाते. प्रामाणिकपणे पाहिलं तर ती संकल्पी हिंसेच्याच सर्वांत जवळ जाते, मग हेतू कितीही चांगला असो.

भारताच्या कायद्याने वेगळी वाट काढली. रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या आणि प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध त्यांनी खासगी विधेयक मांडलं. सरकारने स्वतः कायदा करण्याचं आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतलं, आणि १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्याचं चौदावं कलम ज्ञानासाठी आणि प्राण वाचवण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदा ठरवत नाही. सतराव्या कलमात मात्र अटी आहेत, त्यातल्या दोन इथे महत्त्वाच्या. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तिथे प्रयोग टाळावेत. आणि लहान प्राण्यावर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठ्या प्राण्यावर प्रयोग टाळावा. गिनीपिग, ससा, बेडूक, उंदीर ही नावं कायद्यातच आहेत.

दुसरी अट व्यवहारी माणसाला पटते. घोड्याऐवजी उंदीर, कुत्र्याऐवजी ससा. पण जैन गणनेत घोडा पंचेंद्रिय, तसा उंदीरही पंचेंद्रिय. बेडूकही त्याच पंगतीला. तिथे आकाराने सूट मिळत नाही. १७६० मध्ये राजस्थानात तेरापंथाची स्थापना करणाऱ्या आचार्य भिक्षूंनी तर यापुढचं सांगितलं. लहान जिवाला मारून मोठ्याला जगवलं, तर ते लौकिक उपकार असेल, आध्यात्मिक धर्म नव्हे. साध्य शुद्ध हवं तसं साधनही शुद्ध हवं. या मतावर जैनांतच कडाक्याचे वाद झाले. दयेलाच हे लोक नाकारतात, असा आक्षेप आला. पण प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून भिक्षूंचं म्हणणं ऐकलं तर त्याची धार कळते. लहान जिवाच्या माथी भार टाकून प्रश्न सुटत नाही, तो फक्त नजरेआड होतो.

खानदेशात महानुभावांचीही मोठी परंपरा आहे. भडगाव तालुक्यातल्या कनाशीला आजही भाविक जातात. लीळाचरित्रातली सशाची लीळा मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पाठ धरलेला ससा धावत येतो आणि चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी तो मागतात. स्वामी तो शरण आला असल्याचं सांगतात, त्यांच्याशी बोलतात, पारधी माघार घेतात, मग गुडघा उचलला जातो आणि ससा निघून जातो. या गोष्टीत स्वामींनी पारध्यांना हाकलून दिलेलं नाही, शापही दिलेला नाही. त्यांनी त्यांचं मन वळवलं. हे तपशील सहसा निसटतात, आणि पुढे ज्या माणसांची हकिगत येते, त्यांच्यात फरक पडतो तो नेमका इथेच.

प्रयोगशाळेतला ससा मात्र असा सुटला नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी सशांना टोचली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. प्राण्यावर जे केलं ते स्वतःवरही करण्याची तयारी असलेला हा शास्त्रज्ञ होता, म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं नाही. पुढचा ससा वेगळ्या कारणासाठी पिंजऱ्यात गेला. १९४४ मध्ये अमेरिकेत जॉन ड्रेझ यांनी एक चाचणी बसवली. सशाची मान खोड्यात अडकवायची, डोकं बाहेर, पंजे आत, म्हणजे त्याला डोळा चोळता येणार नाही. एका डोळ्यात पदार्थ घालायचा, दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग लाली, सूज, व्रण, बुबुळावरचा पांढरेपणा यांना गुण देत दिवसचे दिवस पाहत राहायचं. औषधं यातून गेली, तशी शांपू आणि काजळही गेली.

या चाचणीवर हेन्री स्पायरा तुटून पडला. बेल्जियममध्ये जन्मलेला, जहाजावर खलाशी म्हणून राबलेला, कामगार चळवळीत वाढलेला आणि न्यूयॉर्कच्या शाळेत शिकवणारा हा माणूस. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीशी तो आधी वर्षभराहून अधिक काळ बोलत राहिला. त्याची मागणी ऐकण्यासारखी होती. उत्पन्नाच्या दहा हजारांतला एक भाग सशाला पर्याय शोधण्यासाठी द्या, इतकीच. उत्तर मिळेना, तेव्हा एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात झळकली. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉनने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्या उद्योगाच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राण्यांना पर्याय शोधणारं केंद्र उभं राहिलं. स्पायराकडे प्रयोगशाळा नव्हती, विज्ञानाची पदवी नव्हती. होती ती एक समज. कंपनीला खलनायक ठरवून ससा सुटणार नाही, तिच्या माणसांना दुसरी चाचणी हातात द्यावी लागेल. ती आली. आज माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या बुबुळाच्या पातळ थरावर पदार्थ टाकून तो दाह करतो की नाही हे पाहता येतं, आणि ही पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकांत आहे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी बंद केली आणि त्याच वर्षी तशी चाचणी झालेल्या मालाची आयातही.

ब्रिटनमधली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९७० मध्ये तिथे डॉ. हॅडवेन ट्रस्ट स्थापन झाला. आता त्याचं नाव ॲनिमल फ्री रिसर्च यूके आहे. प्राण्यांवाचून होणाऱ्या वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणं हे त्याचं काम, आणि हा पैसा बहुतांशी साध्या माणसांच्या देणग्यांतून आणि मृत्युपत्रांतून येतो. ज्यांचं नाव ट्रस्टला दिलं ते वॉल्टर हॅडवेन ग्लॉस्टरचे डॉक्टर. शाकाहारी, दारूला न शिवणारे, प्राण्यांवरील प्रयोगांच्या विरोधातल्या संघटनेचे अनेक वर्षं अध्यक्ष. पण ते लशीच्याही विरोधात होते आणि जंतूंमुळे रोग होतात हे त्यांनी मानलं नाही. घटसर्पाने गेलेल्या एका मुलीच्या मृत्यूबद्दल १९२४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला. ते निर्दोष सुटले. घटसर्पावरचं तेव्हाचं औषधही घोड्याच्या रक्तातूनच काढलेलं होतं.

इथे थांबून विचार केला पाहिजे. प्राण्यावरच्या दयेपोटी जो औषधालाच नाकारतो, त्याची दया खोटी नसते, पण तिची किंमत दुसऱ्याचं लेकरू मोजतं. आपल्याकडेही ही ओढ आहे. गांधीजींनी १९०९ च्या हिंद स्वराज्यात डॉक्टरांवर कठोर टीका केली आणि त्यात प्राण्यांच्या चिरफाडीचा मुद्दा होता. शरीराची अवाजवी काळजी सोडा, म्हणजे या हिंसेची गरज उरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. हे उत्तर ज्याने स्वतः व्रत घेतलं आहे त्याच्यासाठी ठीक. फुरसं चावलेल्या मजुराने कसलीच अवाजवी काळजी मागितलेली नसते. तिथे नकार हे उत्तर होऊ शकत नाही. हॅडवेन यांच्या नावाने निघालेल्या ट्रस्टने ही चूक पुढे ओढली नाही, ही त्याच्या चालकांची मोठी गोष्ट. त्यांनी वैद्यकाशी वैर न धरता पेशी, मानवी ऊती, संगणकी प्रारूपं यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना पाठबळ दिलं. ज्यांचं नाव घेतलं त्यांची करुणा घेतली, त्यांचा अवैज्ञानिक हट्ट सोडून दिला. धर्मपरंपरांनाही हे सहसा जमत नाही.

भारतात या कामाची माणसं पांगलेली आहेत. चेन्नईच्या ब्लू क्रॉसचे चिन्नी कृष्णा पेशाने अभियंता. त्यांच्या संस्थेने बेडकाच्या विच्छेदनाला पर्याय म्हणून ‘कॉम्पुफ्रॉग’ हा संगणकी कार्यक्रम केला, तेव्हा बहुतेक महाविद्यालयांत संगणकही नव्हते. खानदेशात ज्यांनी प्राणीशास्त्र घेतलं, त्यांना तो तास आठवत असेल. मेण भरलेला ट्रे, चारही पायांत खोचलेल्या टाचण्या, क्लोरोफॉर्मच्या बरणीचा गोडसर उग्र वास आणि जर्नलमध्ये काढायची रक्ताभिसरणाची आकृती. ती आकृती पुस्तकात आधीच छापलेली असायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन आवरायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते जवळपास बंदच केलं. सतराव्या कलमातली पहिली अट अंमलात यायला पन्नासहून अधिक वर्षं लागली.

पुण्यात डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये ब्यूटी विदाउट क्रुएल्टीची भारतीय शाखा सुरू केली. मूळ संस्था इंग्लंडमध्ये लेडी डाउडिंग यांनी काढलेली. रत्नागरांची पद्धत चौकशीची. ही वस्तू कशापासून बनते, कुणावर तपासली जाते, हे कंपनीला, कारखान्याला, सरकारला विचारत राहायचं आणि मिळालेली माहिती छापायची. पाकीटबंद खाद्यपदार्थांवरच्या शाकाहारी-मांसाहारी खुणांसाठी संस्थेने केलेला पाठपुरावा याच जातीचा. त्या खुणा २००१ मध्ये सक्तीच्या झाल्या, आणि आज पारोळ्याच्या किराणा दुकानात एखादी आजी बिस्किटाचा पुडा उलटून हिरवा ठिपका शोधते. औषधाच्या पाकिटावर काय शोधायचं, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात २००९ मध्ये एका युरोपीय प्रतिष्ठानाच्या देणगीतून पर्यायी पद्धतींचं केंद्र निघालं. त्याला महात्मा गांधींचं नाव दिलं गेलं आणि प्रमुख झाले प्राध्यापक अकबरशा. पाश्चात्त्य वैद्यकावर रागावलेल्या गांधींचं नाव एका मुसलमान प्राणीशास्त्रज्ञाने पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेवर मिरवावं, यात गांधींचा पराभव नाही. त्यांच्या आग्रहाला सापडलेली ती नवी वाट आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचं नाव घ्यावं लागेल. ते दयेसाठी काढलेलं नाही, पण देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण तिथून मिळतात, आणि पर्यायाची भाषा बोलायची तर आधी हा कच्चा माल लागतो.

तिथेच सर्वांत अस्वस्थ करणारा मुद्दाही भेटतो. पेशी ज्या द्रावणात वाढवतात ते फिकट गुलाबी असतं, आंबट झालं की पिवळं पडतं. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वं असतात आणि बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास एक रक्तद्रव असतो. तो कत्तलखान्यात कापलेल्या गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून काढलेला असतो. प्राणिमुक्त म्हणवणाऱ्या कितीतरी प्रयोगांच्या बुडाशी हे वासरू आहे. खानदेशातल्या भाविकाला हे कळलं तर तो हादरेल, आणि हादरावंच. ब्रिटनच्या त्या ट्रस्टसारख्या संस्था आता या रक्तद्रवाशिवायच संशोधन व्हावं असा आग्रह धरत आहेत. एक पर्याय तर हृद्य आहे. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या बिंबिकांपासून, म्हणजे माणसाने माणसासाठी दान केलेल्या रक्ताच्या उरलेल्या भागापासून, पेशींचं अन्न तयार करता येतं.

मानवी पेशी म्हटल्या की पाप संपलं असंही नाही. जगातल्या सर्वाधिक वापरलेल्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या कर्करोगाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरला घेतल्या गेल्या. तिला कुणी विचारलं नाही. पोलिओच्या लशीची परिणामकारकता तपासताना माकडांच्या पेशींच्या जागी याच पेशी वापरल्या गेल्या. तिच्या कुटुंबाला एका मोठ्या कंपनीकडून तडजोडीने भरपाई मिळाली ती २०२३ मध्ये. प्राण्याला सोडवताना दुर्बळ माणसाला जुंपलं जात नाही ना, हे पाहणं याच धर्माचा भाग आहे.

पोलिओचं भारतीय ऋण तर माकडांचं. १९५० च्या दशकात लशीसाठी भारतातून रीसस माकडं अमेरिकेला आणि युरोपला जात, वर्षाला लाखाच्या घरात. १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली तेव्हा सरकारने निर्यात थोडा काळ थांबवली, मग ती फक्त वैद्यकीय कामासाठी या अटीवर पुन्हा सुरू केली. ती अट मोडून माकडांवर लष्करी किरणोत्सर्गाचे प्रयोग होतात, हे उघड झालं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली. बंदीने लस थांबली नाही. पेशींचे कायम वाढणारे वाण तोवर हाती येत होते. भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. ज्या मारुतीच्या पारावर दोन थेंब पाजायचा तंबू लागायचा, त्या मारुतीचे नातलग या विजयात खर्ची पडले होते, हे त्या रांगेतल्या आईला कुणी सांगितलं नाही.

सर्पदंशाच्या औषधातही वाट दिसू लागली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेलं एक मानवी प्रतिपिंड जाहीर केलं. नाग, मण्यार, आफ्रिकेतला ब्लॅक माम्बा यांच्या मज्जाघातक विषातल्या एका मोठ्या गटाला ते अडवतं. त्यात घोडा नाही. २०२५ च्या जानेवारीत संशोधक डेव्हिड बेकर यांच्या गटाने संगणकावर आखलेली, विष निष्प्रभ करणारी प्रथिनं दाखवली. दोन्हीकडे शेवटची तपासणी उंदरांवरच झाली, आणि घोणस-फुरशाचं रक्त नासवणारं विष निराळं असल्याने त्यासाठी आणखी प्रतिपिंडं लागतील. सुनगर यांच्याच कामातून असंही दिसलं, की एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. आजच्या औषधाला लागणारं विष बहुतांशी तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे घोड्याला पीडा देऊनही खानदेशच्या सापाला नेमकं लागू पडेल असं औषध मिळतंच असं नाही. इथे दया आणि वैद्यक एकाच बाजूला उभी आहेत. घोड्याला सोडवणारं संशोधनच मजुराला जास्त चांगलं औषध देऊ शकतं.

कायदाही सरकला आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी झालीच पाहिजे ही अट काढली. भारताने मार्च २०२३ मध्ये औषधचाचण्यांचे नियम बदलून पेशी, चिपवरचे अवयव आणि संगणकी पद्धतींना जागा दिली. दार उघडलं, पण आत जायला माणसं लागतात, शिकलेली आणि पगार मिळणारी.

आता जीवदयेच्या पेटीकडे वळू. जैन मंदिरांत आणि स्थानकांत ती असते. पर्युषणात भरते, कुणाच्या तपाच्या पारण्याला भरते, कुणाच्या स्मरणार्थ भरते. त्यातून पांजरापोळ चालतात, चाऱ्याच्या गाड्या जातात, म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांचा दवाखाना चालतो. हे काम थोर आहे आणि ते थांबता कामा नये. पण जखमी जिवाची सेवा करणं आणि जखमच होऊ न देणं या दोन पायऱ्या आहेत, आणि आपली परंपरा बहुतेक पहिल्या पायरीवर थांबली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड हवी, हे विनोबा पुन्हा पुन्हा सांगतात. इथे मन आधीपासून आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. कमी आहे ते बाहेरचं कर्म, म्हणजे पेशी वाढवता येणारे हात.

म्हणून प्रश्न नेमका असा विचारायला हवा. जीवदयेच्या निधीतला थोडा भाग, स्पायराने मागितला तेवढा अल्प असला तरी चालेल, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्र शिकणाऱ्या, पर्यायी पद्धतींवर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती म्हणून देता येईल का? यावर कडक आक्षेप येतील आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. जीवदयेचा पैसा जिवंत प्राण्याच्याच कामी लागला पाहिजे, दुसरीकडे वळवला तर दोष लागतो, अशी परंपरेची शिस्त आहे. पैसा माणसाच्या शिक्षणावर गेला असं कुणी म्हणेल. दुसरा म्हणेल, त्याच प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर उंदीर मारला जाईल, मग आपला पैसा कुठे मिसळला हे कोण पाहणार? तिसरा वासराच्या रक्तद्रवाकडे बोट दाखवेल, आणि ते योग्यच असेल.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देता येतं. पांजरापोळातल्या गड्याचा पगारही माणसाच्याच हातात जातो, तरी तो जीवदयेत धरला जातो, कारण त्याचं काम जनावरासाठी असतं. एक घोडा पांजरापोळात आणला तर एक जीव वाचतो. घोड्यावाचून औषध निघालं तर पुढे कुणीही घोडा पिंपरीला न्यावा लागणार नाही. दुसरे दोन आक्षेप अटींनी सुटतील. ज्या कामात प्राणी वापरला जाणार नाही आणि वासराचं रक्त असलेलं द्रावण लागणार नाही, त्याच कामाला पैसा द्यायचा, दरवर्षी हिशेब आणि प्रयोगाची नोंद ट्रस्टींना दाखवायची. अटी घालायला जैन विश्वस्तांना कुणी शिकवायला नको.

ट्रस्टच्या उद्देशात असं काही बसत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागेल, पण त्याआधी साधू-साध्वींची संमती लागेल. चातुर्मासात त्यांचा मुक्काम गावात असतो, सकाळच्या व्याख्यानाला विश्वस्त पुढच्या रांगेत बसलेले असतात. संकल्पी हिंसेचा विषय तिथे दरवर्षी निघतोच. औषधाचा घोडा त्यात कुठे बसतो आणि त्याला सोडवणाऱ्या मुलीची फी जीवदयेत धरता येते का, हे एखाद्या श्रावकाने उठून विचारायचं आहे.